चालत्यांना आधी

आमच्या घरात आगीची तालीम होत असे. हे सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग माझ्याकडे जरा निरखून बघतात. नाटकाची तालीम असते, कवायतीची असते. पण चहाची भांडी विसळायची पडली असताना कुणीतरी "चला, आग लागली" म्हणावं आणि चांगल्या कळत्यासवरत्या माणसांनी पिशव्या उचलून जिना उतरावा, हे ऐकणाऱ्याच्या पचनी पडत नाही. पहिल्या वेळी माझ्याही पडलं नव्हतं. मी आपली गॅस बंद करून जिन्याच्या वळणावर तोंडावर हात धरून उभी होते, आणि वरून आवाज आला, "हसायचं असेल तर खाली जाऊन हस. वाट अडवू नकोस."

आवाज माझ्या मोठ्या जाऊबाईंचा. त्या इस्पितळात वॉर्डच्या मुख्य नर्स होत्या. वाणी, शेजारी, पोस्टमन, सगळे त्यांना सिस्टर म्हणत आणि हळूहळू घरातही तेच रुळलं. माझे मोठे दीर, ज्यांना आम्ही दादा म्हणतो, तेसुद्धा बायकोला सिस्टर अशीच हाक मारायचे. पहिल्यांदा चेष्टेने मारली असणार, मग जिभेला वळण पडलं. नवीन पाहुणे चमकून दोघांकडे आळीपाळीने बघत. दादा शाळेत चित्रकला शिकवायचे, स्वभावाने मऊ, कुणाला दुखवायचं नाही म्हणून कुणालाच काही न सांगणारे. सिस्टर त्यांच्या बरोब्बर उलट.

दिसायला त्या बुटक्या, रुंद खांद्यांच्या. पायात रबरी तळव्यांच्या चपला, त्यामुळे मागे येऊन उभ्या राहिल्या तरी पत्ता लागत नसे. मी स्वयंपाकघरात त्यांच्याबद्दलच काहीबाही पुटपुटत असताना त्या एकदा मागे उभ्या सापडल्या. म्हणाल्या, "दूध उतू जातंय." त्यापुढे त्या विषयावर एक अक्षर नाही, त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही. अशा माणसाशी भांडणार तरी कसं?

चादर घालायची त्यांची एक पद्धत होती. कोपरे दुमडून गादीखाली असे काही खोचायच्या की आमच्या ह्यांना पलंगावर झोपणं म्हणजे पाकिटात शिरल्यासारखं वाटे. बोलणंही तसंच, कुठे सुरकुती नाही. माझ्या मुलीचा गुडघा फुटला तेव्हा मी "काही नाही होणार हं, मुळीच दुखणार नाही" असं चालवलं होतं. सिस्टर बाटली उघडत म्हणाल्या, "दुखेल. ओरडलीस तरी चालेल." मुलगी ओरडलीही, पण पुढच्या वेळी लागलं तेव्हा माझ्याकडे न येता थेट त्यांच्याकडे गेली. मला राग आला होता, खोटं कशाला बोलू?

सासूबाई मात्र त्यांना शेवटपर्यंत दबून नव्हत्या. मुळात लग्नाच्या वेळीच त्यांचा विरोध होता. परक्यांची अंगं पुसणारी सून घरात नको, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं. पुढे न्हाणीघरात पाय घसरून त्यांचं खुब्याचं हाड मोडलं, ते काही केल्या नीट जुळलं नाही, आणि त्या मागच्या खोलीत अंथरुणाला खिळल्या. मग ह्या सुनेने त्यांचं सगळं केलं. कूस बदलणं, पाठ पुसणं, भांडं देणं, नखं काढणं. इतकी वर्षं पडून राहिलेल्या बाईच्या पाठीला एक जखम झाली नाही. हे आमच्या डॉक्टरांनी बोलून दाखवलं, तर सासूबाई म्हणाल्या, "हात नर्सचा आहे तिचा. सुनेचा नाही."

हे वाक्य त्या येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत. सिस्टर तिथेच टॉवेल पिळत असायच्या. एकदा न राहवून मी विचारलं, "तुम्हाला काही वाटत नाही?" तर म्हणाल्या, "खरंच आहे ते. दुसरा हात कुठून आणू?" आणि मी? मी संध्याकाळी पाच मिनिटं उशाशी बसून गोड बोलायची, गल्लीतल्या दोनचार बातम्या द्यायची. मला ते जमतं आणि त्याला काही कष्ट पडत नाहीत. तेवढ्यावर मी गुणाची सून ठरले होते.

तालमीचं मूळ निघालं ते गणिताच्या मास्तरांपासून. दादांचे शाळेतले स्नेही, चहाला आले की काहीतरी कोडं टाकल्याशिवाय कप खाली ठेवत नसत. मागच्या खोलीत, सासूबाईंच्या पलंगाशी आम्ही सगळे बसलो होतो. मास्तर म्हणाले, "समजा घराला आग लागली. एकच वस्तू बाहेर काढता येईल. कोण काय काढेल?"

दादा म्हणाले, ब्रश. आमचे हे म्हणाले, रेडिओ. मी म्हटलं इस्त्री, कारण ती नवी होती आणि मला दुसरं काही सुचलं नाही. सासूबाईंनी पलंगाखाली बोट दाखवलं. तिथे त्यांची लाकडी पेटी असायची. आत त्यांचा चष्मा, फणी, कात्री, बटणं, असलीच मोडकीतोडकी दौलत होती. राहिल्या सिस्टर. त्या सासूबाईंच्या औषधाचा चमचा धूत होत्या, मान वर न करता म्हणाल्या, "आई."

"वहिनी, वस्तू विचारली आहे," मास्तर म्हणाले.

"मग मी वस्तूंत जमा झाले का?" पलंगावरून आवाज आला. सगळे हसले, सासूबाईही हसल्या. खरं तर गोष्ट तिथेच गोडीत संपायची. पण मास्तरांनी शेपूट वाढवलं. "आणि तुमच्या इस्पितळात आग लागली तर? आधी कुणाला काढता? अगदी आजारी असलेल्यांना ना?"

आता इथे माझ्यासारखीने "हो" म्हटलं असतं आणि बशी पुढे केली असती. सिस्टर म्हणाल्या, "नाही. चालत्यांना आधी. मग आधाराने चालणारे. पडून असलेले शेवटी."

सिस्टर चमचा पुसत सांगत होत्या की पडलेल्याला उचलायला वेळ लागतो, दार अडतं, मागचे सगळे अडकतात. म्हणून वाट आधी मोकळी करायची. आणि शेवटचा पेशंट निघेपर्यंत सिस्टरने वॉर्ड सोडायचा नाही, असाच नियम आहे. पण हा पुढचा भाग ऐकायला सासूबाई जागेवर नव्हत्या. म्हणजे पलंगावर होत्या, पण तोंड भिंतीकडे करून.

त्या दिवसापासून त्यांनी ते धरून ठेवलं. शेजारीण आली की, "आमच्याकडे नियम आहे हो, पडलेल्यांना शेवटी." जेवणाचं ताट यायला उशीर झाला की, "बरोबर आहे, मी पडलेली ना." दादांजवळ तर त्या रडल्याही. म्हणाल्या, आग लागली तर ही मला टाकून जाईल, तू लक्ष ठेव. दादांनी आईलाही समजावलं नाही आणि बायकोलाही काही विचारलं नाही. नुसते खिडकीशी जाऊन उभे राहिले.

सिस्टरांना समजूत घालता येत नसे. त्यांना करून दाखवता येई. पुढच्या रविवारी त्यांनी पहिली तालीम घेतली. कामं वाटून दिली. मी गॅस बंद करून निघायचं. दादांनी कागदपत्रांची पिशवी घ्यायची, आमच्या ह्यांनी मुलीचा हात धरायचा. चालते सगळे आधी खाली. आणि मग त्या स्वतः मागच्या खोलीत. पलंगावरची गादी सासूबाईंसकट अलगद जमिनीवर ओढायची, चादरीच्या दोन टोकांची पायांवर गाठ मारायची, उशाकडची बाजू दोन्ही हातांनी धरायची आणि मागे मागे सरकत दारातून बाहेर. जिन्यावर त्या पाठमोऱ्या उतरायच्या, सासूबाईंचं डोकं छातीशी धरून, एकेक पायरी. आमचा जिना मागच्या बाजूचा, अंगावर येणारा, मध्ये एक वळण. पण कुठे धक्का लागला नाही. सासूबाई खाली अंगणात गादीवर आडव्या, वर आभाळ. किती वर्षांनी त्या घराबाहेर आल्या होत्या.

"झालं?" सिस्टर धापा टाकत म्हणाल्या. "आता पटलं?"

सासूबाई आभाळाकडे बघत होत्या. म्हणाल्या, "तालीम आहे म्हणून. खरी लागू दे, मग बघू."

मग ते घरात रुळूनच गेलं. दर काही महिन्यांनी तालीम व्हायची आणि दर वेळी सासूबाई तेच म्हणायच्या. त्यांना त्या उतरण्याची गोडी लागली होती असा माझा संशय आहे. स्वतःहून विचारायच्या, "बरेच दिवसांत आग लागली नाही?" तरी वाक्यातला एक शब्द त्यांनी सोडला नाही. सिस्टरांच्या कमरेचं दुखणं त्यातूनच सुरू झालं. निवृत्त झाल्यावरही त्या उतरवत राहिल्या. त्यांना सासूबाईंच्या तोंडून एक "हो" हवं होतं. तसं त्या कधी म्हणाल्या नाहीत, पण मी तोवर त्यांच्याबरोबर एकाच चुलीवर बरीच वर्षं काढली होती. एवढं मला कळत होतं.

ते "हो" आलं नाही. सासूबाई गेल्या त्या साध्या तापाने, छातीत कफ भरून, आपल्याच पलंगावर. ना आग, ना धूर. आता काही सिद्ध करायचं म्हटलं तरी कुणापुढे करणार?

पुढे काही दिवसांनी एकदा जेवताना दादा ताटात बघत म्हणाले, "आई शेवटपर्यंत भ्यालेली होती." बस्, एवढंच. नाव घेतलं नाही, बोट दाखवलं नाही. जन्मभर कुणाला न दुखवणाऱ्या माणसाने एकदाच दुखवायचं ठरवलं की ते फार खोल जातं. सिस्टर उठल्या, ताट घासायला गेल्या. त्याच आठवड्यात दादांनी आईची पेटी पुसून मागच्या खोलीत फळीवर ठेवली आणि बायकोला म्हणाले, "आग लागली तर आता तू ही घ्यायचीस." सिस्टर म्हणाल्या, "बरं." दादा अधूनमधून ती पेटी उघडून बसायचे. आईचं म्हणून त्यांच्याजवळ एवढंच उरलं होतं.

सासूबाईंचा पलंग तसाच राहिला. काढू काढू म्हणत कुणी काढला नाही. पुढे घरातल्या जादा रजया आणि उशा त्या गादीवर येऊन पडल्या, वर एक चादर. चादर अर्थात सिस्टरांनी घातलेली.

आमच्या खाली गादीवाल्याचं दुकान. तो तिथेच फोम कापायचा, कापूस भरायचा. एका दुपारी त्याच्या कारागिराने कटिंगचं यंत्र चालू ठेवलं आणि तो बाहेर चहाला गेला. ठिणगी कुठून उडाली ते देव जाणे. आमचे हे कामावर होते, मुलगी शाळेत. दादाही एव्हाना निवृत्त झालेले, त्यामुळे घरात आम्ही तिघं. मी कपड्यांच्या घड्या घालत होते, तर फरशी पायाला कोमट लागली. मला वाटलं, ऊन आलंय. मग तो वास आला, जळक्या रबरासारखा, आणि खिडकीतून काळा धूर.

"चला, आग लागली," सिस्टर म्हणाल्या. आवाज तालमीतलाच, जराही चढलेला नाही. आणि खरं सांगते, त्यामुळेच माझे पाय हलले. मी गॅस बंद केला. दादांनी पिशवी घेतली. आम्ही जिन्याशी आलो तेव्हा दादा वळून म्हणाले, "पेटी."

"आणते. तुम्ही व्हा पुढे. वाट अडवू नका."

त्या मागच्या खोलीकडे गेल्या. तीच खोली नेमकी त्या कटिंगच्या यंत्राच्या डोक्यावर होती, धूर तिथे छतापर्यंत भरला होता. आम्ही खाली अंगणात आलो. लोक जमले होते, बादल्या आल्या होत्या, कुणीतरी बंब बोलावला होता. सिस्टर काही येईनात. एक पेटी उचलून आणायला असा किती वेळ लागतो? दादा जिन्याच्या तोंडाशी उभे राहून "सिस्टर, सिस्टर" अशा हाका मारत होते. मग त्यांनी एक हाक नावाने मारली. ते नाव मी लग्नानंतर पहिल्यांदाच ऐकलं.

दादा वर जायला निघाले, मी त्यांच्यामागे. वळणापर्यंत पोचलो आणि तिथेच थांबलो.

वरच्या धुरातून सिस्टर येत होत्या. पाठमोऱ्या. कमरेत वाकलेल्या, तोंडाला ओला टॉवेल बांधलेला, डोळे मिटलेले. गादी एकेक पायरी उतरत होती. पायाकडे चादरीची गाठ मारलेली होती. उशाकडचा भाग त्यांनी दोन्ही हातांनी छातीशी धरला होता. आणि त्या बोलत होत्या. इतक्या वर्षांत असा आवाज मी त्यांचा ऐकला नव्हता. "झालं हं आई. थोडंच राहिलं. डोळे उघडू नका, धूर आहे. मी आहे. आलंच वळण. मी आहे ना."

मला ओरडावंसं वाटलं की अहो, त्यात कुणी नाही. दादा भिंतीला चिकटून उभे राहिले आणि त्यांनी वाट करून दिली.

त्या तशाच अंगणापर्यंत गेल्या. गादी नेहमीच्या जागी ठेवली, टॉवेल सोडला, खोकल्या, आणि गाठ सोडायला वाकल्या. चादर बाजूला झाली. आत रजया होत्या, वर तीन उशा. धुरात डोळे मिटून, जमिनीलगत रांगत जाऊन, हाताला लागलं ते त्यांनी ओढलं होतं. पलंगावर कुणीतरी आहे असं हातांना वाटलं आणि हातांनी पुढचं केलं. फळी वर होती. फळीकडे त्या गेल्याच नव्हत्या.

जमलेल्यांत कुणीतरी हसलं. गादीवाल्याच्या दुकानाला आग लागते आणि वरची बाई वाचवते काय, तर गादी. हसण्यासारखं होतंच ते. गादीवाला बिचारा स्वतःच्या नुकसानीतसुद्धा म्हणाला, "सिस्टर, मी नवी दिली असती हो." मागच्या खोलीची खिडकी तेवढ्यात फुटली आणि आतून ज्वाळा बाहेर आल्या. तिकडे बघायचं कारण नव्हतं. पेटी लाकडाची होती.

सिस्टर रजयांकडे बघत उभ्या होत्या. हात काळे, भुवया जळलेल्या. मग त्या दादांकडे वळल्या. वॉर्डात कधी चुकीची गोळी दिली नाही, घरात कधी चूक कबूल करायची वेळ आली नाही, अशी ती बाई. म्हणाल्या, "अहो, चूक झाली. पेटी राहिली. मी... मला वाटलं..." पुढे त्यांना काही सांगता येईना. त्या रडतील असं मला वाटलं, पण आधी मीच रडले.

दादांनी हातातली पिशवी माझ्याकडे दिली. गादीशी खाली बसले. वरची उशी कलली होती, ती त्यांनी सरळ केली आणि तिच्यावर हात ठेवला. बराच वेळ ठेवला. बंबाची घंटा गल्लीच्या तोंडाशी आली, लोक बाजूला सरकू लागले, आम्हालाही कुणीतरी सरका म्हणालं. दादा तसेच बसून राहिले. मग मान वर करून त्यांनी बायकोला विचारलं,

"तिला कुठे लागलं नाही ना?"

सिस्टर त्यांच्याकडे बघत राहिल्या.

"नाही," त्या म्हणाल्या. "डोकं माझ्या छातीशी होतं."